शाळेसाठी मुंबई गाठणारा पिता : सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या शाळेच्या कचेरीपुढे पालकांची रांग लागते. कोणी पोलादपूरच्या डोंगरकपारीतल्या वाडीवरून पहाटेची एस.टी. पकडून आलेले असतात, कोणी महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून तसेच थेट येतात, तर कोणी मुंबईच्या चाळीतून आपल्या लेकराला गावाकडच्या वसतिगृहात ठेवण्यासाठी घेऊन येतात. मुले येथे वाढतात, शिकतात, आणि एके दिवशी कुटुंबाला शहराकडे जावे लागते. मग तेच पालक पुन्हा आमच्याकडे येतात व दोन प्रश्न विचारतात. शहरात मुलाला कोणत्या हायस्कुलात घालावे, आणि राहण्यासाठी वस्ती कोणती निवडावी. चांगल्या शाळेजवळची खोली परवडत नाही आणि परवडणारी खोली शाळेपासून दूर पडते. आपल्या माणसांत राहावे तर अभ्यासाला निवांतपणा नाही, परक्या वस्तीत जावे तर आडनाव ऐकून दार लावले जाईल ही धास्ती.

या प्रश्नांना तयार उत्तर आमच्यापाशी नाही. तथापि सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हेच दोन प्रश्न एका निवृत्त सुभेदारापुढे उभे राहिले होते. त्याने जे ठरविले त्याचे फळ आपण सर्वजण आज भोगीत आहोत. चवदार तळ्याच्या काठी २० मार्चला आपण ज्या महामानवाला वंदन करतो, त्यांच्या पित्याचे, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. पुत्राच्या तेजात पित्याचे नाव झाकून जाते. परंतु ज्या घरात मूल शिकते, त्या घराने शाळेसाठी काय काय मोजले याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

छावणीतली शाळा

महाडहून सावित्रीच्या काठाने खाली समुद्राकडे जावे, आणि नदीपलीकडे पाहावे, म्हणजे मंडणगड तालुका लागतो. त्या तालुक्यातील आंबडवे हे सकपाळांचे मूळ गाव. रामजींचे वडील मालोजी हे लष्करात होते. त्या काळी कोकणातील महार समाजातील अनेक घरांनी लष्कराची वाट धरली होती. गावात जे हात हलक्या कामाखेरीज दुसऱ्या कशाला चालत नसत, त्याच हातांत पलटणीत बंदूक दिली जात असे. आणि बंदुकीबरोबरच पाटीही दिली जाई. पलटणीतील शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण देण्याची सोय लष्कराने केली होती, आणि या सोयीचा लाभ ज्यांनी पुरेपूर घेतला त्यांत रामजी सकपाळ हे अग्रेसर होते.

रामजी केवळ साक्षर होऊन थांबले नाहीत. त्यांनी पुण्याच्या लष्करी शिक्षक-विद्यालयात प्रशिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून काम केले. सुभेदार या हुद्द्यापर्यंत ते चढले. त्यांचा विवाह मुरबाडच्या लष्करी घराण्यातील भीमाबाईंशी झाला. मध्य हिंदुस्थानातील महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्मास आले. चौदांपैकी जगली ती पाच : बळीराम, आनंदराव व भीमराव हे तीन मुलगे, आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली.

सुभेदार कबीरपंथी होते. घरात मद्यमांस वर्ज्य होते. सकाळ-संध्याकाळ भजन व पाठांतर होई आणि मुलांनी त्यास हजर राहिलेच पाहिजे असा दंडक होता. भाषेची गोडी त्यांना स्वतःला होती आणि ती त्यांनी मुलांना लावली. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून हॉवर्डची वाचनमाला, भाषांतर साधावे म्हणून तर्खडकरांची पुस्तके, हे सर्व ते मुलांकडून स्वतः करून घेत. शाळेतील शिक्षक शिकवील तेवढ्यावर त्यांनी कधी विसंबून राहिले नाही. स्वतः शिक्षक असल्याने शाळेच्या मर्यादा त्यांना ठाऊक होत्या.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. छावणी ही एक वस्ती होती, आणि त्या वस्तीत जातीचा जाच गावापेक्षा पुष्कळ कमी होता. वस्ती बदलली की मुलाचे नशीब बदलू शकते, हा अनुभव सुभेदारांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता. ते स्वतः त्यातून वर आलेले होते.

दापोली आणि सातारा

भीमराव दोन-तीन वर्षांचे असताना सुभेदार निवृत्त झाले. पेन्शन घेऊन ते कोकणात दापोलीस येऊन राहिले. दापोलीचा कॅम्प म्हणजे निवृत्त सैनिकांची वसाहत. शिकलेली, जगाचा अनुभव घेतलेली माणसे तेथे शेजारी होती. भीमरावांच्या शिक्षणाचा श्रीगणेशा याच भागात झाला. परंतु याच सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या वाटेने रामजी वर आले ती वाट त्यांच्या मुलांसाठी मिटली. आता उरली होती ती एकच वाट, शाळेची.

पेन्शनवर कुटुंबाचे भागेना, म्हणून सुभेदारांनी साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी पत्करली. साताऱ्यात आल्यावर थोड्याच काळात, १८९६ च्या सुमारास, भीमाबाई वारल्या. सुभेदारांच्या भगिनी मीराबाई यांनी मुलांना जवळ घेतले. पाठीने अधू असलेल्या या आत्याने ते घर सांभाळले. बाबासाहेबांच्या चरित्रात मीराबाईंचा उल्लेख दोन ओळींत उरकला जातो. मुलाला शाळेत पाठविणाऱ्या घरामागे अशी एक न बोलणारी स्त्री बहुधा असतेच.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, आणि आमच्या शाळेतही त्या दिवशी मुले साताऱ्याच्या त्या नोंदवहीची गोष्ट ऐकतात. प्रवेश मिळाला, पण बाकावर जागा मिळाली नाही. मुलाने घरून गोणपाट नेऊन वेगळे बसावयाचे, आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यावयाचे. शिपाई नसला तर तहानेलेच राहावयाचे. गावात न्हावी केस कापीत नसे, ते काम बहिणीच करीत.

१९०१ च्या उन्हाळ्यात सुभेदार कामानिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे होते. सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे म्हणून त्यांनी पत्र धाडले. मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरली. त्यांनी धाडलेले उत्तर वडिलांपर्यंत पोहोचलेच नसल्याने स्टेशनावर न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकावी या अटीवर. सारी रात्र त्या लेकरांना वाटेत कोणी पाणी दिले नाही. पाण्याची ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाच्या मनात किती खोल रुतली असेल, हे चवदार तळ्याच्या काठी राहणाऱ्या आम्हांला वेगळे सांगावे लागत नाही.

मुंबईचा निर्णय

१९०४ च्या सुमारास सुभेदारांनी मुंबईस बिऱ्हाड हलविले. मध्यंतरी त्यांनी दुसरा विवाह केला होता, आणि आईवेगळ्या भीमरावांना ते रुचले नव्हते. घरात ओढाताण होती, हातात पेन्शन होते, आणि डोळ्यांपुढे शिकण्याच्या वयाची मुले होती. अशा अवस्थेत माणूस शहरात जातो तेव्हा त्याला वस्ती निवडण्याचे स्वातंत्र्य फारसे उरत नाही. सुभेदारांनी परळमध्ये डबक चाळीत एक खोली घेतली.

परळ म्हणजे गिरणगाव. कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेला कामगार येथे दाटीवाटीने राहत होता. १८९६ पासून प्लेगने मुंबईला घेरले होते, आणि चाळींतील कोंदट खोल्यांना त्याचा तडाखा सर्वांत जास्त बसला होता. दारू, भांडणे, भोंग्यांचा आवाज, रात्रंदिवस चालणारा राबता. अभ्यासू मुलासाठी ही वस्ती कोणीही सुचविली नसती. पण भाडे परवडणारे होते आणि शेजार आपल्यासारख्या माणसांचा होता. येथे जात लपवून राहावे लागत नव्हते.

अशा वस्तीत तेरा वर्षांच्या मुलाला गिरणीत धाडणे हे अगदी रूढ होते. १८९१ च्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांपासूनच्या मुलांना रोज सात तासांपर्यंत कामास लावण्याची मुभा होती. शेजारपाजारची मुले जात होतीच. स्वतः भीमरावांच्या मनातही साताऱ्यास असताना मुंबईला पळून जाऊन गिरणीत लागावे असे एकदा आले होते. सुभेदारांनी वस्ती गिरणगावातली घेतली, पण मुलाची वाट मात्र गिरणीकडे वळू दिली नाही.

आरंभी भीमरावांना मराठा हायस्कुलात घालण्यात आले. काही महिन्यांतच सुभेदारांनी ही शाळा बदलली आणि त्यांना एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल केले. ही सरकारी शाळा होती आणि मुंबईतील नामांकित शाळांत गणली जात होती. परळपासून ती दूर, शहराच्या दक्षिण टोकाकडे, धोबी तलावाच्या बाजूला. त्या काळी मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या. विजेची ट्राम सुरू झाली ती १९०७ मध्ये, म्हणजे भीमराव मॅट्रिक झाले त्या वर्षी. जवळची शाळा सोडून दूरची पत्करावी, राहणे मात्र परवडेल तेथेच ठेवावे, हा सुभेदारांचा निर्णय होता. घर मुलासाठी बदलता आले नाही, तेव्हा शाळा बदलली. आम्हांला त्यांच्या चरित्रातील हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. शाळा नि वस्ती या दोन्ही गोष्टी मनासारख्या मिळणे गरिबाच्या नशिबी क्वचितच असते. त्यांपैकी कशाला आधी धरावयाचे, हे सुभेदारांनी ठरवून टाकले होते.

एक खोली

डबक चाळीतील ती खोली कशी होती याचे वर्णन बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी केले आहे. एकाच खोलीत स्वयंपाक, भांडीकुंडी, सरपण, जाते, एक शेळी, आणि सगळ्या कुटुंबाचे निजणे. दोन माणसांना एकाच वेळी पाय पसरून निजता येईल एवढीही जागा मोकळी नसे. सुभेदारांनी यावर तोड काढली. संध्याकाळ झाली की मुलाला लवकर निजवावयाचे. स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहावयाचे. दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवावयाचे आणि मग त्याच्या जागेवर आपण आडवे व्हावयाचे. काच नसलेल्या मिणमिणत्या रॉकेलच्या चिमणीवर भीमराव पहाटेपर्यंत वाचीत.

सैन्यात पहारा देण्याची सवय असलेला हा म्हातारा सुभेदार रोज रात्री मुलाच्या झोपेवर पहारा देत होता. त्या वस्तीत दिवसा जो निवांतपणा नव्हता तो त्याने रात्रीतून काढला. आमच्या वसतिगृहात मुले रात्री दिव्याखाली ओळीने अभ्यासाला बसलेली दिसली की आम्हांला त्या खोलीची आठवण येते. वसतिगृह म्हणजे तरी काय? ज्या मुलाच्या घरी जागा नाही त्याला जागा, दिवा आणि जाग ठेवणारे कोणीतरी मोठे माणूस मिळवून देणे.

पुस्तकांचा हट्ट भीमरावांना लहानपणापासून होता. पाठ्यपुस्तकांखेरीजची पुस्तकेही त्यांना हवी असत. पैसे नसले तरी सुभेदार नाही म्हणत नसत. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींकडे ते जात. प्रथम धाकटीकडे, तिच्याजवळ नसले तर थोरलीकडे. थोरलीने अंगावरचा दागिना काढून द्यावा, सुभेदारांनी तो सावकाराकडे गहाण टाकावा, पुस्तक आणावे, आणि पेन्शन हाती आले की दागिना सोडवून मुलीला परत करावा, असे वारंवार घडे.

हिशेबाची आणखी एक ओळ आहे, आणि ती लिहिताना आमचा हात जड होतो. दोन मुलांचे शिक्षण पेन्शनवर चालेना, तेव्हा आनंदरावांना शाळा सोडावी लागली. ते जी.आय.पी. रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागले. एका भावाच्या मजुरीने दुसऱ्या भावाची शाळा चालली. मंजुळा व तुळसा या दोघी बहिणींचे दागिने तिच्यासाठी गहाण पडत राहिले, पण त्यांच्या स्वतःच्या वाट्याला भावासारखी शाळा आली नाही. सुभेदारांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या घरात एकालाच पुढे नेण्याइतके बळ होते, आणि त्यांनी ते बळ जेथे सर्वांत अधिक फळेल असे वाटले तेथे लावले. तरी चांगली शाळा निवडल्याचा आनंद सांगताना तिची किंमत कोणाकोणाच्या अंगावर पडली, हे सांगितलेच पाहिजे.

शाळेने दिले आणि न दिले ते

मोठ्या शहरातील नामांकित सरकारी शाळेत तरी जात आड येणार नाही, अशी आशा कोणीही धरली असती. ती खरी ठरली नाही. एकदा गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी भीमरावांना फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. या मुलाच्या स्पर्शाने डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुले धावली आणि डबे बाजूला फेकून मगच त्याला फळ्यापाशी जाऊ दिले. संस्कृत शिकण्याची भीमरावांना ओढ होती, पण त्या शिक्षकाने अस्पृश्य मुलाला शिकविण्याचे नाकारले, आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले.

मग एल्फिन्स्टन हायस्कूल निवडण्यात सुभेदार चुकले काय? आम्हांस तसे वाटत नाही. शाळेने मान दिला नाही, पण शिक्षण दिले. आणि शाळेच्या वाटेने आणखी एक गोष्ट दिली, जिचा सुभेदारांना अंदाजही नसेल. शाळा सुटल्यावर परळच्या गजबजाटात परतण्याऐवजी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. त्याच बागेत विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर येत असत. रोज एकटाच पुस्तकात डोके घालून बसणारा हा मुलगा कोण, म्हणून त्यांनी चौकशी केली. ओळख झाली, ते मुलाला वाचायला पुस्तके देऊ लागले. जवळच्याच शाळेत नाव घातले असते तर मुलगा त्या बागेपर्यंत पोहोचला असता की नाही, कोण जाणे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या गुणपत्रिका पाहणाऱ्या पालकांना हा आकडा लहान वाटेल. परंतु त्या काळी त्या समाजातील मुलाने मॅट्रिकचा उंबरठा ओलांडणे ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की चाळीतल्या लोकांनी सभा भरवून सत्कार केला. सभेचे अध्यक्ष होते समाजसुधारक सीताराम केशव बोले. केळुसकर गुरुजीही आले होते. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या दिवशी भीमरावांना भेट दिले. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांसह घेतलेल्या धम्मदीक्षेच्या वाटेवरचे पहिले पाऊल या चाळीतल्या सभेत पडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सुभेदारांचे अखेरचे दिवस

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटरनंतर पेन्शनवर पुढचे शिक्षण अशक्य झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत पोहोचविले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजच्या काळात कुटुंबाने बिऱ्हाड बदलले. प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या होत्या. परळच्या पोयबावडीतील अशाच चाळ क्रमांक १ मध्ये ५० व ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या. एक खोली कुटुंबासाठी, दुसरी अभ्यासासाठी. सुभेदारांच्या घरात अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळाली ती अशी, इतक्या उशिरा. वस्ती तीच, गिरणगावातलीच.

बी.ए. झाल्यावर भीमरावांनी बडोदे संस्थानात नोकरीस जाण्याचे ठरविले. सुभेदारांना ते पसंत नव्हते. तेथे मुलाला अपमान सोसावे लागतील अशी त्यांना भीती वाटत होती. पितापुत्रांत मतभेद झाला, आणि जानेवारी १९१३ मध्ये मुलगा गेला. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार त्याला मिळाली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून भीमराव सुरत स्टेशनावर उतरले, आणि तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोहोचायला उशीर झाला. सुभेदारांचा जीव जणू त्यांच्यासाठीच घुटमळला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवून २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते पाहण्यास पिता राहिला नव्हता.

सुभेदारांची भीती मात्र खरी ठरली. १९१७ मध्ये परदेशी शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या भीमरावांना त्या शहरात राहण्यास घर मिळाले नाही. एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले, आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पदव्यांनी शाळेचे दार उघडते, वस्तीचे दार उघडेलच असे नाही, हे त्या दिवशी दिसून आले.

तळ्याच्या काठी

आता आपण पुन्हा महाडला येऊ. चाळीतल्या सत्काराचे अध्यक्ष असलेल्या त्याच बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला, आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी तो संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांच्याबरोबरच सार्वजनिक शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात होते. पाणी आणि शाळा एकाच ठरावात होती, हे पुष्कळांच्या स्मरणात नसते. या ठरावास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला.

शाळेचे दारही तसेच राहिले होते. महाडजवळच्या लाडवली गावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे लहानपणी शिष्यवृत्ती मिळविणारे हुशार विद्यार्थी. तरीही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. मुलाने वृत्तपत्रात पत्र लिहून दाद मागितली, तेव्हा कोठे प्रवेश मिळाला, तोही वेगळे बसण्याच्या अटीवर. पुढे याच मोरे यांनी १९ व २० मार्च १९२७ ची महाड परिषद घडवून आणण्यात पुढाकार घेतला. ज्या मुलाला या गावाने वर्गात बसू दिले नाही, त्याने या गावात हजारोंची परिषद भरविली.

त्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी दापोलीच्या, आणि या भागातील शिकलेल्या लष्करी पेन्शनरांच्या काळाची आठवण काढली. आपली मुले आपल्यापेक्षा पुढे जावीत अशी इच्छा व खटपट आईबापांनी केली पाहिजे, असे त्यांनी लोकांना बजावले. पित्याचे नाव प्रत्येक वाक्यात नसले तरी ते ऐकणाऱ्या कोणालाही सुभेदार रामजींचे जागरण त्या शब्दांमागे दिसले असते. दुसऱ्या दिवशी ते तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मसूरच्या वाटेवर रात्रभर तहानेला राहिलेला तो मुलगा, आणि साताऱ्याच्या शाळेत शिपायाची वाट पाहणारा तो विद्यार्थी, त्या पायऱ्या उतरला. तळ्यावरचा हक्क न्यायालयाने कायम केला तो दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने.

बाबासाहेबांनी पित्याच्या घरातील धडा विसरला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते. ते १९२५ मध्ये निघाले. केवळ शाळा खुली होऊन भागत नाही, मुलाला राहण्याची जागा हवी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. आनंदरावांना जी सोय मिळाली नाही, ती इतरांच्या आनंदरावांना मिळावी, असेच जणू त्यामागे होते.

पालकांस दोन शब्द

आमच्या पालकांनी शहरात जाताना सुभेदारांप्रमाणेच वागावे असे आम्ही म्हणणार नाही. काळ बदलला आहे, साधने वाढली आहेत. पण त्यांच्या चरित्रातून काही गोष्टी आम्हांस शिकण्याजोग्या वाटतात. शाळा ठरविताना ती घरापासून किती जवळ आहे एवढेच पाहू नये, तेथे काय शिकविले जाते हे आधी पाहावे. पहिली निवड चुकली असे दिसले तर सुभेदारांप्रमाणे काही महिन्यांतही बदलावी, त्यात कमीपणा नाही. वस्ती निवडताना चार भिंतींबरोबर वाचनालय आहे काय, बाग आहे काय, मुलाकडे कौतुकाने पाहील असे एखादे मोठे माणूस आसपास आहे काय, याची चौकशी करावी. नामांकित शाळेतही अपमान वाट्याला येऊ शकतो. मूल गप्प गप्प राहू लागले तर त्याला बोलते करावे, आणि शाळेत जाऊन विचारावे. विचारण्याचा हक्क आपल्याला मिळालेला आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, एका मुलाच्या शाळेसाठी दुसऱ्याची शाळा बंद करण्याची वेळ आली तर आधी आमच्याकडे या. मुलगी असेल तर अवश्य या. सुभेदारांपुढे दुसरा मार्ग नव्हता. आज वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, आणि शहरोशहरी पसरलेले आमचे माजी विद्यार्थी आहेत. नव्याने शहरात आलेल्या कुटुंबाला खोली पाहून द्यावी, शाळेचा फॉर्म भरून द्यावा, आठवड्यातून एक संध्याकाळ त्या मुलाबरोबर बसावे, एवढे त्यांच्यापैकी प्रत्येकाला करता येईल. केळुसकर गुरुजींनी याहून निराळे काय केले?

सुभेदार रामजींनी चवदार तळ्याचा संगर पाहिला नाही. त्यांनी पाहिली ती एक खोली, एक मिणमिणती चिमणी आणि तिच्या उजेडात वाचणारा मुलगा. तेवढ्यासाठी ते रोज रात्री दोन वाजेपर्यंत जागले. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.